माझ्या सहीनं माय आत गेली

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, मार्च संपत आला होता तेव्हा, सकाळी अकराच्या सुमारास मायचा फोन आला. ती खामगावात वृद्धाश्रमाच्या गेटसमोर उभी होती. मी साखरखेर्ड्यात, सासरच्या घरी, शाळेचे कागद मांडून बसले होते.

"गेटाले कुलूप हाय," ती म्हणाली. "पाटी लावली कोनती तरी. वाचमन म्हंते, पुढचं सांगेपर्यंत कोनीच यायचं नाही."

"डबा त्याच्याजवळ दे. ते आत नेऊन देतील."

"डबा देल्ला वं. पन भरवन कोन त्याईले?"

मी म्हटलं, तिथल्या मावश्या भरवतील, दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे. तेव्हा सगळेच एकमेकांना दोन-चार दिवस म्हणत होते. मायनं फोन ठेवला. त्या दिवशी ती चार वाजेपर्यंत गेटबाहेरच बसून राहिली, हे मला नंतर कळलं.

बाबा खामगावच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, फिटर होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी त्या यंत्रांच्या घरघराटात काढली आणि बाहेर पडले तेव्हा त्यांचे कान जवळजवळ गेलेले होते. समोरच्याच्या ओठांकडे पाहून ते बोलणं ओळखत. पुढं विसरायला लागले. आधी चाव्या, मग रस्ते, मग माझं नाव. आणि एक दिवस न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ते कायमचे खाटेवर आले. मायची कंबर आधीच अधू. एकटीच्यानं त्यांची कूस बदलणं होईना, पाठीला जखमा व्हायला लागल्या. मी एकुलती एक, आणि अडीच तासांच्या अंतरावर जिल्हा परिषदेच्या शाळेत. शेवटी गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात, जिथं खाटेवरच्या माणसांसाठी वेगळा वॉर्ड होता आणि डॉक्टर नेमानं येत, तिथं त्यांना ठेवलं. नातेवाईक बोलले. बोलणाऱ्यांपैकी कूस बदलायला कोणी आलं नाही.

माय मात्र रोज जायची. अकराला डबा घेऊन पोहोचायची, चारला निघायची. ताकात कुस्करलेली भाकर, पातळ वरण, कधी शिरा. बाबा तिच्याच हातून खायचे. त्यांचं तोंड पुसणं, नखं कापणं, चादर बदलणं, सगळं ती करायची, आणि शेजारच्या दोन खाटांवरच्या म्हाताऱ्यांनाही जाता जाता पाणी पाजायची. तिथल्या कोणालाच ती भेटायला आलेली बाई वाटत नव्हती. पण कागदावर ती भेटणारीच होती, आणि बंदी भेटणाऱ्यांना होती.

एप्रिलमध्ये आम्हा शिक्षकांना घरोघर फिरून विचारपूस करण्याचं काम लागलं. आशाताईंच्या सोबतीनं मी दारोदार जाऊन ताप, खोकला विचारत होते, घरात साठीच्या वरचे किती ते लिहून घेत होते. प्रत्येक दारातून एखादी म्हातारी मला पाहायची आणि माझा हात खिशातल्या फोनकडे जायचा. दुपारी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना फोन लावायचा, हे ठरलेलं. ते फोन उचलायचे, तो त्यांचा चांगुलपणा. पण उत्तर एकच असायचं.

"ठीक आहेत."

"जेवतात का?"

"जेवतात थोडंफार. ठीक आहेत."

या 'ठीक'चा अर्थ मी रात्रंदिवस लावत बसायचे. थोडं म्हणजे किती? चार घास की एक वाटी? एकदा हट्ट करून व्हिडीओ कॉल करायला लावला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक निळा गाऊन, मग बाबांचा चेहरा. गालफडं आत गेलेली. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता आणि पडद्यावरचे माझे ओठ त्यांना कळत नव्हते. त्यांनी फोन हातात घेतला, उलटा केला आणि मागचं झाकण नखानं उघडता येतं का ते पाहू लागले. मी "बाबा, बाबा" म्हणत राहिले आणि मला फक्त त्यांच्या अंगठ्याची कातडी दिसत राहिली.

फोन परत घेताना मावशी हळूच बोलली, "ताई, सायेबाले सांगू नका. ते तोंडच उघडत नाहीत. आम्ही लय करून पाहतो. दात आवळून घेतात."

हे मी मायला सांगितलं नाही. पण तिला सांगायची गरजही नव्हती. तिचा डबा रोज आत जात होता आणि रोज भरलेला परत येत होता. पोलिसांनी दोनदा तिला रस्त्यावरून परत पाठवलं, तरी ती आडवाटेनं जायची. गेटसमोर निंबाच्या झाडाखाली बसायची. तिथं आणखी एक जण यायचा. गाद्या-रजया भरणारा एक मुसलमान कारागीर, पन्नाशीचा. त्याची अम्मा बायांच्या वॉर्डात होती. तिचेही पाय गेले होते, आणि त्याच्या एका खोलीच्या घरात तिला ठेवायला जागा उरली नव्हती. मायची कंबर पाहून त्यानं दुसऱ्या दिवशी घरून एक स्टूल आणून ठेवलं. दोघं अंतर ठेवून बसायची, गेटाकडं पाहत.

एप्रिलच्या शेवटी व्यवस्थापकांचाच फोन आला. मी एका घराच्या ओसरीत उभी होते.

"मॅडम, तुमच्या वडिलांना नाकातून नळी घालावी लागेल. डॉक्टर तसं म्हणतात. तुमची संमती पाहिजे."

मी विचारलं, नळीनं त्रास होतो का.

"ते ती ओढून काढतील. म्हणून हात बांधावे लागतील. हळूच बांधतो, पट्टीनं. पण बांधावे लागतील."

ओसरीतली बाई माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती. मी पाणी न घेताच खाली उतरले. बाबांचे हात. बाकी सगळं विसरले होते तरी ते हात स्वस्थ बसत नव्हते. सदऱ्याची गुंडी दिसली की ते चिमटीत धरून ती पिळत बसायचे, एखादा नट सैल करावा तसे. ते हात खाटेच्या दांडीला बांधलेले मला डोळ्यांसमोर दिसू लागले, आणि मग ते चित्र जाईना.

मी म्हटलं, "दोन दिवस द्या. मी येते."

"येऊन काय करणार? आत सोडता येत नाही."

"तरी येते."

तहसीलमधून पास मिळवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मोटारसायकलवर आम्ही नवरा-बायको निघालो. वाटेत तीन ठिकाणी अडवलं. मेहकरच्या पुढं रस्ता इतका रिकामा होता की मला कोणी मेल्याची बातमी येणार असंच वाटत होतं. फोन वाजल्याचा भास होऊन मी दोनदा गाडी थांबवायला लावली.

माय निंबाखाली होती. महिनाभरात तीही वाळली होती. मला पाहून उठली, पण जवळ आली नाही. आम्ही चार हातांवरून एकमेकींकडं पाहिलं.

"नळीचं सांगतलं मले वाचमननं," ती म्हणाली. "तू सही करून राह्यली का?"

"नाही अजून."

"मंग मले एकदा पाहू दे त्याईले. दुरून पाहीन."

व्यवस्थापक गेटापर्यंत आले. मध्यमवयाचा, थकलेला माणूस. डोळे लाल होते. तो महिनाभर घरी गेला नव्हता, तिथंच झोपत होता. मी त्याच्याशी भांडायची तयारी करून आले होते, पण त्याला पाहून आवाज चढेना. मी एवढंच मागितलं की, बाहेरच्या अंगाच्या खिडकीतून मायला पाच मिनिटं पाहू द्या. त्यानं डोकं खाजवलं, इकडंतिकडं पाहिलं आणि कुंपणाच्या कडेनं आम्हाला मागं नेलं.

खिडकीला जाळी होती. आत बाबांची खाट. दोन मावश्या, तोंडाला फडकी बांधलेल्या, एक वाटी घेऊन उभ्या. बाबा त्यांच्याकडं पाहत होते, मान हलवत होते आणि गुंडी पिळत होते. चमचा ओठांशी आला की दात आवळत.

माय जाळीला कपाळ टेकून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "त्याईले वाटते जिनिंग चालू हाय."

"काय?"

"फडके पाह्य ना. जिनिंगात सारे असेच तोंड बांधून राहायचे, कापसाचा भुरा जाते नाका-तोंडात म्हनून. मशीन चालू असली का कोनी जेवत नव्हतं. हे तं फिटर. मशीन थांबल्याशिवाय डब्याले हात लावत नव्हते."

तिनं जाळीवर जोरानं थाप मारली. आवाज नव्हे, पण हललेली सावली बाबांना दिसली असावी. त्यांनी मान वळवली. मायनं तोंडावरचा पदर खाली केला आणि दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून हळूहळू खाली नेले. जिनिंगमध्ये आवाजात बोलणं ऐकू येत नसे, तेव्हा मशीन बंद केली हे सांगायची ती खूण होती. लग्न नवं असताना बाबांनी तिला हसत हसत शिकवली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

बाबांनी तिच्याकडं टक लावून पाहिलं. त्यांचे हात गुंडीवरून सुटले. त्यांनीही तशीच खूण केली, भुवया उंचावून, विचारल्यासारखी. मायनं पुन्हा केली. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. मावशी बावरून तशीच उभी होती. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, द्या ना घास."

अर्धी वाटी वरण-भात पोटात गेला. मी कुंपणाच्या तारेला धरून रडत होते. माय रडत नव्हती. ती घास मोजल्यासारखी बघत होती.

पुढच्या तीन दिवसांसाठी व्यवस्थापकांनी नळी थांबवली. ही खूण मावश्यांनी शिकावी असं ठरलं. पहिल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी पाळी बदलली, दुसरी मावशी आली, तिला बाबांनी हातानं दूर सारलं. तिसऱ्या दिवशी कोणाच्याच हातून काही गेलं नाही. मी नवऱ्यासह मायच्या घरी मुक्काम करून होते. ताटावर बसलो की दोघीही अर्धं ताट झाकून ठेवायचो.

व्यवस्थापकांनी मायला आत सोडण्याबद्दल वर विचारलं होतं. उत्तर आलं की नातेवाइकांना प्रवेश नाही. आतच राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आहे.

"मंग मले कामाले ठेवा," माय गेटातून म्हणाली.

"आजी, तुमचं वय किती?"

"चौसष्ट."

"साठीच्या वर कोणाला आत घेऊ नका असं सांगितलंय. तुम्हाला काही झालं तर?"

"मले बाहेर बसून बी होऊन राह्यलं ना. दिसत नाही तुमाले."

व्यवस्थापक माझ्याकडं वळले. म्हणाले, तुम्ही लिहून द्या. आई स्वतःच्या इच्छेनं कामाला येत आहे, आतच राहील, सांगितल्याशिवाय बाहेर पडणार नाही, आणि तिला आजार झाला तर त्याची जबाबदारी मुलगी म्हणून तुमची. तसं लिहून दिलं तर ते हे स्वतःच्या अंगावर घेतील.

कागद मी लिहिला. शाळेत मुलांना अर्जलेखन शिकवणारी मी, पण तीनदा चुकले. त्या दिवसांत रोज बातम्यांत कुठल्या ना कुठल्या वृद्धाश्रमाचं नाव यायचं. आजार अशा जागी शिरला की एकापाठोपाठ एक माणसं जायची. बाबांना वाचवायला मी मायला तिथं पाठवत होते. दोघंही गेली तर ही सही माझी. नवरा म्हणाला, "विचार कर अजून." मायनं ते ऐकलं.

"इचार तिनं नाही करायचा, म्या करायचा," ती म्हणाली. "अन् म्या केला. तू फक्त सही कर."

मी सही केली.

गादीवाला सगळं पाहत निंबाखाली उभा होता. मी कागद देऊन वळले तेव्हा तो जवळ आला, पण अंतर ठेवून.

"ताई, माह्या अम्माचं बी इचारा ना त्याईले. म्या बी काम करतो. झाडू मारतो, काहीही करतो."

मी विचारलं. व्यवस्थापक म्हणाले, "बायांच्या वॉर्डात पुरुष कसा ठेवू? आणि त्यांची आई जेवते. बोलते. त्यांचं तसं अडलेलं नाही. एकाला सोडलं तर चाळीस घरांना मी काय सांगू?"

मी ते गादीवाल्याला सांगितलं. त्यानं मान हलवली.

"जेवते म्हनून नाही?" तो म्हणाला.

तो रागावला नव्हता. त्यानं मायची पिशवी उचलून गेटापर्यंत नेऊन ठेवली आणि म्हणाला, "काकी, अम्माले सलाम सांगजा. म्हना, रोज येते तुमचा पोरगा. गेटावर असते."

मायचा रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस तिला मागच्या खोलीत ठेवलं. मग वॉर्डात सोडलं. तिचा पहिला फोन आला तो मावशीच्या मोबाईलवरून.

"जेवले," ती म्हणाली. "भाकर मागतली त्याईनं. हातानंच मागतली."

नळी लागली नाही.

त्यानंतरच्या दिवसांत माझी काळजी कमी झाली नाही, तिनं फक्त जागा बदलली. आधी एकाची होती, आता दोघांची. मायचा फोन दुपारी दोनला यायचा. सव्वादोन झाले की मीच उलटा फोन लावायचे. ती काय सांगेल यापेक्षा तिचा आवाज कसा आहे, खोकते का, दम लागतो का, हेच मी ऐकत राहायचे. ती मात्र मला वॉर्डातल्या गोष्टी सांगायची. अम्माचं सांगायची; माय रात्री बायांच्या वॉर्डात तिच्याच शेजारी झोपत होती. सकाळी दोघींचा चहा सोबत होत असे. अम्मा तिला गादीचे टाके कसे घालायचे ते सांगायची आणि रोज दुपारी विचारायची, पोरगा आला का गेटावर. माय वॉचमनला विचारून येऊन सांगायची, आला.

जुलैमध्ये एका सकाळी अम्मा झोपेतून उठली नाही. कोरोना नव्हता. तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. वय झालं होतं, हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

गादीवाल्याला आत बोलावलं. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा गेट त्याच्यासाठी उघडलं. मायनं मला त्या दुपारी जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते.

"तो आला, अन् दारातच थांबला. इतके दिवस सवय झाली ना त्याले थांबाची. म्या म्हटलं, या भाऊ. त्यानं अम्माचे पाय धरले. मंग मले इचारलं, काकी, आखरीचं पानी कोनं देल्लं? म्या सांगतलं, रातच्याले म्याच देल्लं. दोन घोट पेल्या. तुमचं नाव घेतलं, म्हनल्या, सकाळी येईन पोरगा. बाहेर जाताना तो सायेबापाशी उभा राह्यला. म्हने, साहेब, आज सोडलं, काल सोडलं असतं तं काय झालं असतं?"

"मग साहेब काय म्हणाले?"

"काय म्हनतीन? ते खुर्चीत बसून राह्यले. जेवले बी नाही त्या दिवशी."

आठवड्याभरात व्यवस्थापकांनी व्हरांड्याला मधोमध दोरी बांधली, दोन खुर्च्या ठेवल्या आणि सगळ्या घरांना फोन केले. आठवड्यातून एकदा, घरचा एकच माणूस, वीस मिनिटं, तोंड झाकून, हात धुऊन. खाटेवरच्यांना खाटेसकट व्हरांड्यात आणायचं. यासाठी वरून परवानगी आली होती की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

माझी पाळी ऑगस्टमध्ये आली. बाबांनी मला ओळखलं नाही. पण अंगावर मांस आलं होतं. मी वीस मिनिटं मायच्याच चेहऱ्याकडं पाहत होते आणि ती माझ्या.

सप्टेंबरात तिला ताप आला. ही ती वेळ होती जिच्या भीतीनं मी चार महिने जगले होते. वॉर्डातल्या तिघांना एकदम ताप होता. तिला मागच्या खोलीत हलवलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी सुट्टी टाकून खामगावला आले आणि तिच्या रिकाम्या घरात बसून राहिले. भांडी घासली, पुन्हा घासली. शेजारणी दारातून विचारायच्या आणि मी 'ठीक आहे' म्हणायचे. तोच शब्द, जो ऐकून मी वैतागायचे. रोज सकाळी व्यवस्थापक बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा सांगायचे. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. पुन्हा त्र्याण्णव. एक दिवस एक्क्याण्णव, तेव्हा दवाखान्याची गाडी बोलावून ठेवली होती. तो सहीचा कागद माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. माझं अक्षर, माझं नाव.

एक्क्याण्णवच्या दुसऱ्या दिवशी पंच्याण्णव झालं. मग ती हळूहळू वर आली. तापातल्या तिघांपैकी एक म्हातारे गृहस्थ गेले. बाबांना काहीच झालं नाही. त्या दिवसांत त्यांना ती दुसऱ्या पाळीची मावशी भरवत होती. एव्हाना तिच्या हाताची त्यांना सवय झाली होती.

बाबा पुढच्या जानेवारीत गेले, दुपारी जेवण झाल्यावर, माय शेजारी चादरीची घडी घालत असताना. मला निरोप मिळाला तेव्हा मी वर्गात होते. मी पोहोचले तेव्हा गेट उघडं होतं आणि वॉचमननं मला काही विचारलं नाही. गादीवाला आला होता. नातेवाईक येईपर्यंत बाहेरची सगळी धावपळ त्यानं केली. मी त्याला काही म्हणू पाहत होते. तो म्हणाला, "राहू द्या ताई," आणि पाण्याच्या बाटल्या वाटायला गेला.

मायला मी साखरखेर्ड्याला चल म्हटलं. ती महिनाभर राहिली आणि परत गेली. अजून ती त्या वृद्धाश्रमात जाते, आठवड्यातून चार दिवस. आता तिथं दाखल करतानाच्या अर्जात एक ओळ वाढवली आहे. काहीही झालं तरी ज्याला आत सोडायचं, अशा एका माणसाचं नाव त्यात लिहायचं. व्यवस्थापकांनी मला तो अर्ज दाखवला. अशी ओळ प्रत्यक्ष वेळ आली तर टिकेल की नाही, याची खात्री त्यांनाही नव्हती.

लोक मला म्हणतात, तुझा निर्णय बरोबर निघाला. मी हो म्हणते. पण एक्क्याण्णवच्या त्या दिवशी यंत्रावरचा आकडा आणखी थोडा खाली गेला असता, तर हेच लोक काय म्हणाले असते, तेही मला माहीत आहे. मायला मी एकदा विचारलं, तुला भीती नव्हती वाटली का. ती तांदूळ निवडत होती.

"वाटली ना," ती म्हणाली. "पन बाहेर बसल्यावर जास्त वाटत होती."